उरलंसुरलं आणि बाईचं हृदय

(महिला मंडळं, बचत गट आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'आहार आणि हृदयरोग' हा विषय महिलांच्या शिबिरात कशाला, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल. आपल्याकडे बायकांचे त्रास म्हणजे अंगात रक्त नसणं, पांढरं जाणं, कंबरदुखी, गर्भपिशवीची दुखणी आणि त्यावर नवऱ्याचा मार. हार्ट अटॅक हे साहेबलोकांचं, खुर्चीत बसून काम करणाऱ्या पुरुषांचं दुखणं, असं आपण धरून चालतो. डॉक्टरही बऱ्याचदा तसंच धरून चालतात. म्हणून आज यावर बोलायचं ठरवलं.

१९८० च्या दशकात आपल्या चळवळीने बाईच्या आरोग्याचा प्रश्न हातात घेतला. नेट-एन सारख्या गर्भनिरोधक इंजेक्शनांना विरोध केला, कोर्टात गेलो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम काढली आणि १९८८ साली महाराष्ट्रात त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा झाला. सरकारी आरोग्यसेवा बाईकडे फक्त बाळंतपण आणि नसबंदी एवढ्यापुरतीच बघते, अशी आपली तेव्हापासूनची टीका आहे. तीच टीका पुढे न्यायची तर आज म्हणायला हवं की बाईला गर्भाशयाच्या वरही शरीर आहे, छातीत हृदय आहे आणि तेही आजारी पडतं.

किती आजारी पडतं? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने बायकांच्या हृदयविकारावर एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल २०२१ साली आला. जगात बायकांच्या एकूण मृत्यूंपैकी ३५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात, असं त्यात म्हटलं आहे. सगळ्या प्रकारच्या कॅन्सरने मिळून जेवढ्या बायका दगावतात त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. तरी या आजाराचा बायकांमधला अभ्यास कमी, निदान कमी आणि उपचारही कमी, असं हाच अहवाल सांगतो.

याला कारण आहे. अमेरिकेत अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का याचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यात २२ हजारांवर डॉक्टर होते आणि ते सगळे पुरुष होते. आहार, धूम्रपान आणि रक्तदाब यांवरचा त्याच काळातला दुसरा एक मोठा प्रयोग १२ हजारांवर माणसांवर झाला. तेही सगळे पुरुष. पुरुषाच्या शरीरावर ज्ञान तयार करायचं आणि ते बाईला जसंच्या तसं लावायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. पुढे परिस्थिती थोडी बदलली. १९७६ साली अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास नर्सेसचा अभ्यास सुरू झाला आणि तो अनेक दशकं चालला. बाई वर्षानुवर्षं काय खाते याचा तिच्या हृदयाशी कसा संबंध असतो, हे आपल्याला बरंचसं त्या नर्सेसमुळे कळलं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २००४ साली ५२ देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिला झटका आलेल्यांचं मधलं वय इतर देशांत ५९ होतं, तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या आपल्या भागात ५३. म्हणजे आपल्याकडे हा आजार साधारण सहा वर्षं आधी दार ठोठावतो. बायकांना तो पुरुषांपेक्षा आठ-नऊ वर्षं उशिरा येतो, कारण पाळी चालू असेपर्यंत शरीराला थोडं संरक्षण असतं. पाळी गेली की ते जातं. नेमक्या त्या वयात बाईच्या तब्येतीकडे घरात कुणाचं लक्ष नसतं.

हा आजार घडतो कसा

हृदयविकाराचा झटका एका दिवसात येतो, पण तो तयार व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तराखाली हळूहळू चरबी साठत जाते. रक्तदाब जास्त असेल तर अस्तरावर रोज ताण पडतो. रक्तात साखर जास्त राहिली तर अस्तर खराब होतं. तंबाखूने ते आणखी बिघडतं. मग एखाद्या दिवशी हा चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. हृदयाच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. हेच मेंदूच्या वाहिनीत झालं की आपण लकवा मारला म्हणतो. मूत्रपिंडं निकामी होण्यामागेही बहुतेकदा हाच रक्तदाब आणि हीच साखर असते.

म्हणून एका लग्नातल्या जेवणाने कुणाचं हृदय बिघडत नाही आणि आठ दिवस कारल्याचा रस पिऊन ते सुधारतही नाही. रोजच्या ताटात वर्षानुवर्षं काय येतं, त्यावर हे ठरतं. आणि रोजच्या ताटात काय येतं हे नुसतं आवडीनिवडीवर ठरत नाही. घरात पैसे किती, रेशनवर काय मिळतं, बाजारात काय स्वस्त आहे, आणि घरात कोण आधी जेवतं, यावर ते ठरतं.

बाईच्या ताटात काय असतं

आपल्यापैकी प्रत्येकीने हे पाहिलेलं आहे. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि शेवटी सून. भाजी संपलेली असते. आमटीतली डाळ तळाशी जाऊन वाढली गेलेली असते, उरतं ते वरचं पाणी. दूध नवऱ्याला आणि मुलाला. अंडं एकच असेल तर ते कुणाच्या पानात पडतं हे सांगायला नको. शेवटी जेवणारी बाई भात किंवा भाकरी भरपूर घेते, कारण पोट तर भरायचं असतं. त्याला लावून खायला ठेचा, लोणचं, नाहीतर मीठ-मिरची. सकाळचं शिळं टाकवत नाही म्हणून तेही तीच खाते. मधल्या वेळच्या भुकेवर उतारा म्हणजे गोड चहा. अनेक वस्त्यांत आणि गावांत मिश्रीही असते. मिश्री लावली की भूक मरते, असं बायका स्वतःच सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखू न ओढता नुसती दातांना लावली किंवा चघळली तरी हृदयाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आता या ताटाकडे हृदयाच्या नजरेने बघा. पिष्टमय पदार्थ जास्त, मीठ जास्त, साखर जास्त. डाळ, भाजी, फळ, दूध, अंडं यांतलं जवळजवळ काहीच नाही. आपण म्हणतो बाईला कमी मिळतं. ते खरंच आहे. पण तिला जे मिळतं तेही धड नसतं. म्हणून एकाच बाईच्या अंगात रक्तही कमी असतं आणि पोटावर चरबीही साठते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आढळला. त्याच पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर जास्त निघालं, आणि कंबरेचा घेर धोक्याच्या पुढे गेलेल्या बायका होत्या ४० टक्के. 'अंगावर मांस आहे म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे' हा शेरा आपण कितीदा ऐकतो! त्या मांसाखाली कुपोषण असू शकतं.

गर्भातलं ताट

ही गोष्ट आणखी मागे, आईच्या पोटापर्यंत जाते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांनी जुनी जन्मनोंदणी पुस्तकं तपासली. जन्मतः ज्यांचं वजन कमी होतं ती माणसं मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली, असं त्यांनी १९८९ साली दाखवलं. त्याच धाग्याने आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या आयांचं गरोदर होण्याआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो होतं. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती पाऊण किलोहून अधिक हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी ही बाळं. पुढे मधुमेह आणि हृदयविकार होण्याची तयारी त्यांच्या शरीरात जन्मापासून असते.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला आपल्या दृष्टीने फार मोलाच्या वाटतात. एक, ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. दोन, गरोदरपणात ज्यांना जास्त अंगमेहनत करावी लागली त्यांची बाळं लहान होती. म्हणजे प्रश्न ताटाचा आहे, तसाच शेतातल्या कामाचा आणि डोक्यावरच्या हंड्याचाही आहे. याच आयांपैकी निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. घरात ज्या वस्तू सगळ्यात शेवटी बाईपर्यंत येतात किंवा येतच नाहीत, त्याच या.

इथे एक सावधगिरी बाळगू या. असं संशोधन बाहेर आलं की वर्तमानपत्रात मथळा येतो, 'आईच्या चुकीच्या आहाराने बाळाला मधुमेह'. म्हणजे पुन्हा आईच गुन्हेगार. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून अर्धपोटी राहिलेली, लग्न लवकर झालेली, सातव्या महिन्यातही पाणी वाहणारी मुलगी काय चुकली? तिच्या ताटाचा निर्णय तिने घेतलेलाच नव्हता. या संशोधनाचा आपण घ्यायचा अर्थ असा की मुलीला लहानपणापासून पोटभर आणि चांगलं खायला मिळणं हा तिचा हक्क आहे. पुढे होणाऱ्या बाळासाठी नाही, आधी तिच्यासाठी.

ताट बदललं, कुणी बदललं?

१९७२ चा दुष्काळ इथल्या वयस्क बायकांना आठवत असेल. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रवा, रॉकेल रास्त भावात द्या, ही त्यांची मागणी होती. म्हणजे स्वयंपाकघरातला डबा हा राजकारणाचा विषय आहे, हे आपल्या चळवळीला पन्नास वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

त्यानंतरच्या वर्षांत ज्वारी-बाजरीची भाकरी आपल्या ताटातून मागे सरकली. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि रेशनकार्डावर घरातली ज्येष्ठ बाई कुटुंबप्रमुख ठरली. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं आहे. उपासमार टळण्यासाठी याची गरज आहे, आणि यावर घाव आला तर आपण लढलं पाहिजे. पण नुसत्या धान्याने पोट भरतं, ताट भरत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-नाचणीची बिस्किटं मॉलमध्ये आली आणि रेशनच्या दुकानात बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच राहिले.

तेलाचंही तसंच. आपल्याकडे शेंगदाण्याचं, मराठवाडा-सोलापूरकडे करडईचं तेल असायचं. आता हॉटेलात, फरसाणात, बिस्किटांत सगळीकडे बाहेरून आयात केलेलं पामतेल असतं. त्यात हृदयाला न मानवणारी संपृक्त चरबी शेंगदाणा-करडईपेक्षा पुष्कळ जास्त. त्याआधी वनस्पती तूप आलं, गरिबाचं तूप म्हणून. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स चरबी तयार होते आणि ती रक्तवाहिन्यांना सगळ्यात वाईट, हे नर्सेसच्या त्या अभ्यासातून १९९३ साली पुढे आलं. आपल्याकडे २०२२ पासून तेल-तुपातल्या या चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातही ती थोडीफार तयार होते. म्हणून गाडीवरचे वडे आणि भजी तळणाऱ्या कढईकडे जरा बघत जा. तिथे आपलीच एखादी बहीण तळायला बसलेली असते, हेही विसरू नका.

पण म्हणून 'आजीचा आहार किती छान होता' असं गाणं मी म्हणणार नाही. आजीच्या भाकरीमागे पहाटे चारचं जातं होतं. भाकरी हवी, पण ती थापायचं काम पुन्हा एकट्या बाईच्या गळ्यात नको. दिवसभर धुणीभांडी करून आलेली बाई मुलांना पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा देते तो आळसापोटी नाही. तिच्याकडे वेळ नसतो आणि बाजारात ताज्या भाजीपेक्षा तो पुडा जवळ आणि स्वस्त असतो.

उपासाबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे उपास जास्त करून बायकाच करतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलासाठी. साबुदाणा हा जवळजवळ नुसता पिष्टमय पदार्थ. त्याची खिचडी तुपात परतलेली, वर बटाटा, वर तळलेला वेफर, आणि दिवसभर चहा. एकादशी दुप्पट खाशी, असं आपण हसत म्हणतो. ज्या बाईला साखरेचा आजार आहे तिने हे आठवड्यातून दोनदा केलं तर तिची साखर दोनदा वर जाते. श्रद्धा ज्याची त्याची. पण उपासाला भगर, ताक, फळ, दाणे चालतात, आणि गोळ्या घेणाऱ्या बाईने उपास नाही केला तरी चालतं, एवढं तरी आपण गटात स्पष्ट बोलू या.

पथ्य कुणाचं, कष्ट कुणाचे

घरातल्या पुरुषाला झटका आला की काय होतं? दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर त्याच्या बायकोला पुढे बोलावतात आणि तिच्या हातात आहाराचा कागद देतात. त्या दिवसापासून ती दोन स्वयंपाक करते, त्याचा अळणी आणि बाकीच्यांचा नेहमीचा. त्याच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ असतात. आणि बाईला झटका आला तर? एका वस्तीत मी पाहिलेली बाई आठव्या दिवशी चुलीपुढे होती. मी तिला विचारलं, तुमचं पथ्याचं कोण करतं? ती म्हणाली, "ताई, माझ्या एकटीसाठी वेगळं कोण करणार? जे होतं त्यातलंच खाते." अळणी भाजी केली तर घरात ताटं आपटली जातात. म्हणून मीठ सगळ्यांच्या चवीचं आणि आजार तिचा.

यासाठी मी म्हणते की आहाराचा सल्ला बाईच्या हातात कागद देऊन संपत नाही. घरातल्या सगळ्यांचं खाणं बदललं तरच तिचं बदलतं. आणि घराबाहेरचा बाजार बदलला तर घराला ते सोपं जातं. हे होऊ शकतं याचं एक उदाहरण सांगते.

फिनलंडच्या उत्तर कारेलिया या भागात १९६०-७० च्या सुमाराला हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक होतं. तिथले लोक दूध-दुभत्यावर जगणारे. पावावर लोण्याचा जाड थर, खारवलेलं मांस, भाजी जवळजवळ नाही, आणि पुरुषांत धूम्रपान भरपूर. लोकांनीच सरकारकडे निवेदन देऊन मदत मागितली आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. गावोगावी काम कुणी नेलं? मार्था नावाच्या बायकांच्या संघटनेने. ही १८९९ साली स्थापन झालेली गृहिणींची संघटना. त्यांनी गावात संध्याकाळचे मेळावे भरवले. तिथे बायका मिळून नेहमीचेच पदार्थ कमी मीठ आणि कमी लोणी घालून, भाजी वाढवून रांधायच्या आणि सगळ्यांनी ते बसून खायचं. दुसरीकडे सॉसेज आणि पाव बनवणाऱ्यांवर मीठ आणि चरबी कमी करण्यासाठी दबाव आला. दूधवाल्या शेतकऱ्यांना बेरीची फळं लावायला मदत मिळाली. पुढच्या चाळीसएक वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. बायकांचेही घटले.

फिनलंड श्रीमंत देश आहे, त्याचं दूध-लोण्याचं दुखणं आपलं नाही. पण बायकांच्या संघटनेने स्वयंपाकघर आणि सरकार या दोन्ही दारांवर एकाच वेळी धडक दिली, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपण काय करू शकतो

गटाच्या पुढच्या बैठकीत ही साधी मोजणी करा. यंत्र लागत नाही.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमचा. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा तुमच्या घरी किती दिवस पुरतो? लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ वेगळंच. एकदम कमी करू नका, कुणी खाणार नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी चिमूट-चिमूट कमी करा. जिभेला महिन्या-दोन महिन्यांत सवय लागते. ताटात वरून मीठ वाढणं मात्र आजपासून बंद.

तेल. माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास पुरे. पाळीपाळीने तेलं बदला. दाणे, तीळ, कारळं, जवस यांच्या चटण्या खा. जवसात हृदयाला चांगली चरबी असते आणि ते स्वस्त आहे.

चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर. बहुतेक जणींसाठी वरची मर्यादा तिथेच संपते. आणि जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

भाजी आणि डाळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दिवसाच्या ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. आपल्याकडे तो ५० ते ७० टक्के असतो. म्हणजे एक भाकरी कमी आणि एक वाटी घट्ट आमटी जास्त. जमेल तेव्हा मूठभर पालेभाजी, मटकी-हुलगे भिजवून, अंडं. पण एक भाकरी कमी करा असं ज्या बाईला दुसरं काहीच मिळत नाही तिला सांगू नका. तिच्यासाठी आधी आमटीची वाटी मिळवा.

कंबर. शिवणाची टेप घ्या. ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढे घेर असेल तर रक्तदाब आणि साखर तपासा. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपण झालं, आता काय, असं म्हणून सोडू नका.

आणि सगळ्यात अवघड, पण बिनखर्चाचं काम: सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसायचं. पातेली मध्ये ठेवायची. बाई शेवटी जेवणार नाही, एवढा एक नियम घरात आला तर निम्मा आहारसल्ला आपोआप पाळला जातो. यावर घरात वाद होईल. तो होऊ द्या. आदिवासी भागात २०१५ साली गरोदर बायकांसाठी अमृत आहार योजना आली. तिच्यात अंगणवाडीत बसून गरम जेवण देण्याची तरतूद आहे. घरी नेलेला शिधा घरात वाटला जातो, बसून खाल्लेलं जेवण बाईच्या पोटात जातं. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला घर कसं चालतं ते कळलेलं होतं.

मागण्याही ठरवू या. रेशनवर डाळ, खाद्यतेल आणि ज्वारी-बाजरी नियमित मिळावी. शाळा आणि अंगणवाडीत अंडं मिळावं आणि ज्यांना चालत नाही त्यांना दुसरा पर्याय. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या एकदम मिळाव्यात, कारण दर आठवड्याला मजुरी बुडवून बाई येऊ शकत नाही. पुड्यावर मीठ, साखर, चरबी किती आहे ते समोरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, मराठीत असावं.

कार्यकर्त्यांनाही थोडं सांगायचं आहे. मोर्चाच्या दिवशी सकाळी काही नाही, दुपारी वडापाव, रात्री घरी जाऊन गार भात, मध्ये आठ कप चहा. अशी आपली वर्षं गेली आहेत. आपल्यातल्या किती जणी पन्नाशीतच गोळ्यांवर आहेत बघा. बैठकीला दाणे-गूळ, केळी, उकडलेले हरभरे ठेवायला असा काय मोठा खर्च येतो?

शेवटी एक अगदी कामाची गोष्ट. बाईलाही झटका येताना बहुतेकदा छातीतच दुखतं किंवा दाबल्यासारखं होतं. पण पुष्कळ जणींना त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा, पाठ, खांदा दुखतो, न सोसवणारा थकवा येतो. घरचे म्हणतात पित्त झालं, सोडा घे आणि पड. बाई स्वतःही म्हणते, स्वयंपाक उरकते, मग बघू. त्या 'मग बघू'मध्ये हृदयाचा स्नायू मरत असतो. पहिल्या एक-दोन तासांत दवाखाना गाठला तर तो वाचवता येतो. १०८ ला फोन करा. पित्तच निघालं तर बिघडलं काही नाही.

आता भाषण पुरे. मागच्या खोलीत दोन नर्सताई रक्तदाब मोजायला बसल्या आहेत. सगळ्यांनी मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे निघाला तर आठवड्याच्या आत पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र रांगेत आधी त्या पाचजणी जातील ज्या सकाळपासून आपल्या सगळ्यांचा स्वयंपाक करताहेत. तोवर पानं वाढायचं काम आपण करू, आणि त्यांच्यासकट सगळ्या एका पंगतीला बसू.